धोक्याची पातळी कुणाच्या उंबऱ्यावरून मोजायची?

पावसाळा सुरू झाला की सांगलीत लहानथोर सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आले? 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका. शाळेतल्या पोरांनाही हे आकडे पाठ आहेत. पण सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, काकानगर, दत्तनगर या भागांत राहणाऱ्या एखाद्या ताईंना विचारा. नदी धोक्याच्या पातळीला पोचण्याच्या कितीतरी आधी तिथल्या सखल घरांत पाणी आलेले असते. बातम्यांत “नदी अजून धोक्याच्या पातळीखाली” असे सांगत असतात, तेव्हा या ताईंची भांडी माळ्यावर, म्हातारी सासू नातेवाइकांकडे आणि पोरे महापालिकेच्या शाळेच्या वर्गात चटईवर असतात. म्हणजे 45 फूट ही शहराची धोक्याची पातळी आहे, या घराची नव्हे.

भविष्यात शहरे कशी असावीत, राहण्यासारखे शहर कशाला म्हणावे, यावर आजकाल पुष्कळ लिहिले आणि बोलले जाते. 2018 साली केंद्र सरकारने 111 शहरांची यादी लावली होती, त्यात पुणे पहिले आले. ज्यांची घरे पुण्यात कालव्याकाठी नि नाल्याकाठी आहेत त्यांनी ती बातमी कशी वाचली असेल, कोण जाणे. अशा याद्यांत सरासरी धरतात. वरच्या मजल्यावरच्या माणसाला चोवीस तास पाणी आणि खालच्या वस्तीला तासभर, की सरासरी बरी दिसते. शरीराला सरासरी कळत नाही. अतिसार होतो तो एका घरातल्या एका लेकराला होतो. म्हणून आरोग्याच्या पानावर मी एवढेच मांडणार आहे की शहर राहण्यासारखे आहे का, हे त्याच्या सर्वांत खालच्या उंबऱ्यावरून मोजले पाहिजे. तो उंबरा बहुतेक ठिकाणी आपला आहे.

शहर हा आपल्यासाठी हौसेचा विषय नाही. आपले आजे-पणजे गाव सोडून सातारा, सांगली, मिरज, पुढे मुंबईपर्यंत गेले ते पोटासाठी गेलेच, पण गावच्या विहिरीवर पाय ठेवता येत नव्हता म्हणूनही गेले. सातारा जिल्ह्यातलीच गोष्ट आहे. 1901 साली लहानगे भीमराव आपल्या भावंडांबरोबर साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्टेशनात उतरले आणि बैलगाडीने वडिलांच्या नोकरीच्या गावी, गोरेगावला निघाले. रात्रभर वाटेत कुणी पाणी दिले नाही. डब्यात जेवण होते, पण पाण्यावाचून घास उतरेना, म्हणून मुले उपाशीच झोपली. बाबासाहेबांनी स्वतः ही हकिकत लिहून ठेवली आहे. वडील कशासाठी त्या गावी होते? दुष्काळी कामावर तलाव बांधला जात होता, तिथे ते खजिनदार होते. तलावाच्या कामावर बाप आणि घोटभर पाण्याला महाग झालेली त्याची लेकरे! पुढे 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना जे खडे बोल सुनावले, त्यामागे पुस्तकी वाद नव्हता. शहरात नळाला जात विचारता येत नाही, ही आपल्या माणसांची शहराकडून पहिली अपेक्षा होती. नळ आला. पण त्यातून काय येते, कधी येते, आणि वापरलेले पाणी कुणाच्या दारावरून जाते, ते प्रश्न उरलेच. गावात आपण वेशीबाहेर होतो, शहरात पूररेषेच्या आत आहोत.

आधी पुराचे बोलू. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेले. 2021 च्या जुलैत पुन्हा 55 फुटांच्या आसपास. 2005 चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना वाटले होते की असा पूर पिढीतून एकदा येतो. तो सोळा वर्षांत तीनदा आला. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर दोन रेषा असतात. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणारा पूर पोचतो तिथवर, आणि लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणारा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करू नये असा नियम आहे. नियम चांगला आहे. पण त्याची आठवण झोपडीला नोटीस देताना होते, आणि नाल्याच्या अंगावर मोठी इमारत उभी राहताना होत नाही.

सांगलीत पूर नदीचा काठ ओलांडून येतो असे बाहेरच्यांना वाटते. इथल्या माणसाला ठाऊक आहे की तो आधी नाल्यांतून मागे फिरून येतो. नदी चढली की नाल्याचे पाणी नदीत जात नाही, उलट नदीच नाल्यात शिरते, आणि नाल्याकाठी कोण राहते हे मी सांगायला नको. नाल्याच्या तोंडाशी एका बाजूलाच उघडणारी झडप बसवता येते, मग नदीचे पाणी आत येत नाही. पण नुसती झडप बसवून भागत नाही, कारण शहराचे स्वतःचे पाणी आत तुंबते. ते उपसायला पंप लागतात, पंपाला पुरात न बुडणारी जागा लागते आणि वीज गेली तर डिझेल लागते. हे सगळे महापालिकेच्या हातातले काम आहे. अलमट्टीची उंची 519.60 मीटरवर राहावी की 524 च्या वर न्यावी यावर दोन राज्ये भांडत आहेत, आणि त्यात सांगलीकरांची भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही. पण अलमट्टीचा निकाल काहीही लागो, आपल्या गल्लीमागचा नाला कर्नाटकात नाही.

हरिपूरच्या पेवांचे उदाहरण आपल्या लोकांनी लक्षात ठेवावे. जमिनीत खोल खणलेल्या या पेवांत सांगलीची हळद पिढ्यान्‌पिढ्या साठवली जायची. 2005 च्या पुरात पेवांत पाणी शिरले, हळद गेली. व्यापाऱ्यांनी त्यातून धडा घेतला आणि हळद गोदामांत, शीतगृहांत गेली. हे शहाणपणाचेच झाले. फक्त मला दिसते ते असे की हळद हलली आणि तिची पोती वाहणारा हमाल, ती निवडणारी बाई मात्र त्याच सखल जागेत राहिली. मालाला विमा असतो, उंच जागा मिळते, कर्ज मिळते. माणसाला पंचनामा मिळतो.

“पूररेषेत राहताच कशाला?” असे सुशिक्षित माणसे विचारतात. कारण तिथेच आपल्याला परवडणारी जागा मिळाली. आणि उचलून दहा किलोमीटरवर नेऊन टाकले तर ते घर सुरक्षित असेल, पण राहण्यासारखे नसेल. मार्केट यार्डातली हमाली पहाटे सुरू होते. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचा एका खेपेचा रिक्षाखर्च तिच्या एका घरच्या कामाएवढा होतो. क्षयाची औषधे, गरोदरपणाची तपासणी, डायलिसिस यांसाठी सांगलीचे सिव्हिल, मिरजेचे शासकीय रुग्णालय, साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय गाठावे लागते. ते लांब गेले की माणूस आधी तपासणी सोडतो, मग गोळ्या सोडतो. तेव्हा पुनर्वसन हवे, पण कामाच्या आणि दवाखान्याच्या टप्प्यात हवे. तेवढी उंच जागा शहरात नाही असे कुणी सांगितले, तर महापालिकेच्या मालकीच्या जागांची यादी मागून घ्यावी. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

आता नळाकडे येऊ. रोगाचा मोठा कारखाना पुरापेक्षा इथे आहे, आणि तो बारा महिने चालतो.

आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेला सोडतात. बाकीचा दिवस वाहिनी रिकामी असते. वस्तीत ही वाहिनी बहुधा गटाराच्या कडेने, कधी गटारातूनच गेलेली असते. सांध्यात बारीक गळती असतेच. पाणी दाबाने चालू असते तोवर गळतीतून पाणी बाहेर पडते, आत काही शिरत नाही. पाणी बंद झाले की वाहिनी आत ओढते, आणि बाहेर जे साचलेले असेल ते आत येते. त्यात कुणी नळाला थेट मोटार लावली की हा ओढा आणखी वाढतो. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाच मिनिटांचे गढूळ पाणी आपण “नेहमीचेच” म्हणून सोडून देतो. ते नेहमीचे आहे हे खरे, पण ते मातीचे नाही, गटाराचे आहे. 2014 च्या नोव्हेंबरात मिरजेत गॅस्ट्रोची साथ आली, माणसे दगावली. ज्या मिरजेतून 2016 साली लातूरला रेल्वेने पाणी गेले, ज्या मिरजेचे दवाखाने कर्नाटकापर्यंत नावाजलेले, तिथली ही गोष्ट आहे. पाण्याचा साठा आणि डॉक्टर या दोन्ही गोष्टी असूनही वाहिनी खराब असली की काय होते, ते तिथे दिसले.

यावर उपाय नाही असे कुणी सांगू नये. कराडला लागून, महामार्गावर मलकापूर आहे. छोटे शहर. तिथे पंधरा वर्षांहून अधिक काळापूर्वी चोवीस तास पाण्याची योजना उभी राहिली, प्रत्येक जोडणीला मीटर बसले, देशपातळीवर पुरस्कार मिळाले. चोवीस तास पाणी ऐकले की श्रीमंती चैन वाटते. प्रत्यक्षात वाहिनी कायम दाबाखाली राहिली की गटार आत येत नाही, हा त्यातला आरोग्याचा मुद्दा आहे. मीटरमुळे मोटार लावून ओढण्याचे आणि साठवून ओतून देण्याचे कारणही उरत नाही. मीटर म्हटले की आपल्या वस्तीत लगेच विरोध होतो, आणि बिलाची भीती रास्त आहे. पण विरोध मीटरला न करता दराला करावा. कुटुंबाच्या गरजेपुरते पाणी अगदी स्वस्त आणि त्यापुढचे चढत्या दराने, अशी मागणी लावून धरावी. आजही आपण पाण्याची किंमत भरतोच. ती दवाखान्यात आणि बुडालेल्या रोजात भरतो.

डेंग्यूचेही तेच. वस्ती घाण म्हणून डेंग्यू होतो, हा आपल्यावरचा जुना आरोप आहे. डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही. तो स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो, म्हणजे आपल्या पिंपात, रांजणात, गच्चीवरच्या उघड्या टाकीत. पिंप आपण का भरून ठेवतो? कारण उद्या पाणी येईल याचा भरवसा नसतो. आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून, आतून घासून, कोरडे करावे हे खरेच, आणि ते आपण केलेच पाहिजे. पण फवारणीच्या धुरामागे धावणाऱ्या पोरांचे फोटो छापून नगरपालिकेने आपले काम झाले असे म्हणू नये.

साताऱ्याची तऱ्हा वेगळी. ते अजिंक्यतारा आणि यवतेश्वराच्या उतारावर वसलेले शहर आहे. कासचे पाणी उताराने, पंपावाचून शहरात येते, ही जुन्या लोकांची मोठी हुशारी. कासच्या धरणाची उंची वाढवली, साठा वाढला, त्याचा आनंद आहेच. मात्र टाकीपासून लांब आणि चढावर असलेल्या घराला दाब मिळतोच असे नाही, आणि वरच्या पेठेचे सांडपाणी खालच्या वस्तीच्या दारावरून जाते. साठा वाढणे आणि आपल्या नळाला पाणी येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक आणखी बघा. साताऱ्याचे सांडपाणी शेवटी जाते कुठे? वेण्णा, उरमोडी, कृष्णा. सगळे कृष्णेत. माहुलीपासून ती कराडला कोयना घेऊन खाली सांगलीला येते. म्हणजे साताऱ्याने न शुद्ध केलेले पाणी सांगलीच्या जॅकवेलपर्यंत येऊ शकते, आणि सांगलीचा शेरीनाला खालच्या गावांच्या तोंडी जातो. शेरीनाल्याचे पाणी उचलून धुळगावकडे नेण्याची योजना झाली, तरी “शेरीनाला कृष्णेत” ही बातमी सांगलीकरांनी किती वर्षे वाचली याची गणती नाही. साताऱ्याच्या कार्यकर्त्यांनी सांडपाणी केंद्राची मागणी केली तर ती सांगलीतल्या आपल्याच माणसांसाठी केलेली असेल.

स्वच्छ शहर म्हणतो तेव्हा ते स्वच्छ कोण करते हेही त्यात आले पाहिजे. 2020 च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत कराड देशात पहिले आले. अभिमानाची गोष्ट आहे. तो क्रमांक पहाटे पाचला झाडू घेऊन निघणाऱ्यांनी आणला, आणि ते कोणत्या वस्तीतून निघतात ते वाचकांना माहीत आहे. मैला हाताने साफ करायला लावणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात उतरून मृत्यू आल्यास 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितले. भरपाईचा आकडा वाढला याचा आनंद मानावा असे मला वाटत नाही. चेंबर तुंबल्यावर ठेकेदार “जरा उतर रे” म्हणाला तर उतरू नका. चेंबरमधला वायू दिसत नाही, कधी वासही येत नाही, आणि वाचवायला मागोमाग उतरणाराही मरतो. घरच्या बायांनी नवऱ्याला, भावाला हे सांगून ठेवावे.

थोडे आपल्याही माणसांना. डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे काढण्याचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशा पाट्या आल्या. चांगले झाले, ते अपमानाचे नाव जायलाच हवे होते. पण वस्तीच्या निधीतून आपण काय मागतो? कमान मागतो. पेव्हर ब्लॉक मागतो. नगरसेवकालाही ते सोयीचे असते, कारण कमानीवर नाव कोरता येते आणि जमिनीखालच्या ड्रेनेजवर कोरता येत नाही. पेव्हर ब्लॉकचा एक थर, पाच वर्षांनी त्यावर काँक्रीटचा दुसरा थर, असे करत गल्ली घराच्या जोत्यापेक्षा उंच होते, आणि मग दहा मिनिटांच्या पावसाचे पाणीही घरात येते. नवा रस्ता करण्याआधी जुना खरवडून काढा, रस्त्याची उंची उंबऱ्याखालीच राहिली पाहिजे, एवढी अट आपण ठेकेदाराला घातली तर फुकटात अर्धा पूर टळतो. आणि विहार बांधताना जोते 2019 च्या पाण्याच्या खुणेपेक्षा वर घ्या. मागे दोन शौचालये नि पाण्याची टाकी ठेवा. पुरात तोच आपला निवारा होतो.

पत्र्याच्या घरांचा उन्हाळा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, तो पुन्हा कधी.

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात अनेक विहारांत रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालते. पुराचा आणि साथीचा काळही नेमका हाच. वाचनानंतरची पंधरा मिनिटे महिला मंडळाने पाण्यासाठी ठेवावीत असे मी सुचवतो. आरोग्य सेवक किंवा आशाताईंकडून ओ.टी. चाचणीची बाटली मागवा. वस्तीच्या टोकाच्या, सर्वांत शेवटच्या नळाचे पाणी नळीत घ्या, त्यात थेंब टाका. पिवळा रंग आला म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे. रंग आलाच नाही तर क्लोरीन टोकापर्यंत पोचलेले नाही. लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम असायला हवे. तपासलेले पाणी पिऊ नये, ओतून द्यावे. तारीख, वेळ आणि रंग वहीत लिहा. महिनाभराची अशी वही घेऊन पाणीपुरवठा खात्यात गेलात तर तुमच्याशी बोलण्याची तऱ्हा बदलते. रंग येत नसेल तोवर पाणी उकळा किंवा मेडिक्लोरचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाकून अर्धा तास थांबा.

दुसरे काम रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन करायचे आहे. गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर नको, एखाद्या पक्क्या भिंतीवर 2005, 2019 आणि 2021 च्या पाण्याच्या खुणा रंगवा. त्याखाली लिहा, आयर्विनला किती फूट असताना आपल्या गल्लीत पाणी शिरते. ते जुन्या माणसांना आठवत असते. 35 असेल, 38 असेल, जो असेल तो. तोच आपल्या वस्तीचा धोक्याचा आकडा. प्रभागाच्या अधिकाऱ्याला लेखी कळवा की या आकड्याच्या पाच फूट आधी आम्हाला निरोप आणि गाडी हवी.

आणि निरोप येण्याआधी काय तयार हवे? वस्तीत कोण गरोदर आहे, कोण अंथरुणाला खिळले आहे, कुणाला क्षय, साखर, रक्तदाब, फिट्स यांच्या रोजच्या गोळ्या आहेत, याची यादी मंडळातल्या एका मुलीकडे असावी. पुरानंतर अनवाणी चिखलात जाऊ नये. पायाला चीर असेल तर मुळीच नको, उंदरांच्या मुतातून लेप्टो होतो. पूर ओसरल्यावर महिनाभरात ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे दिसले की दवाखान्यात “मी पुराच्या पाण्यात होतो” हे आपणहून सांगावे. लेकराला जुलाब लागले तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात जलसंजीवनीचे एक पुडके, आणि ते नसेल तर सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा घ्यावा. अंगावरचे दूध थांबवू नये. आपल्याकडे जातीचा दाखला, आधार, रेशनकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला लावून ठेवायची सवय झाली आहे. त्याच पिशवीत क्षयाच्या आणि साखरेच्या पंधरा दिवसांच्या गोळ्या व डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा.